मैफलीची हस्तलिखिते

उस्ताद अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) आणि भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांच्या गायनाचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. त्यांच्या गाण्याविषयी आपण जे जाणतो ते आठवणींतून आणि शिष्यपरंपरेच्या गळ्यांतून. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यात गौहरजानचा आवाज मुद्रित केला, तेव्हापासून तबकड्या होत्या खऱ्या; परंतु तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे. एवढ्या अवधीत ख्यालाचा सारांश मावे. अब्दुल करीमखाँसारख्या गायकाने त्या सारांशालाही पूर्णत्व दिले, हे मान्य करूनही मैफलीत राग कसा उलगडत जाई याचा पुरावा तबकडी देऊ शकत नव्हती.

तो पुरावा जमविला रसिकांनी. १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडले गेलेले चुंबकीय फितीचे यंत्र स्वातंत्र्योत्तर काळात भारतातील सधन घरांत येऊ लागले आणि मुंबई, पुणे, कलकत्ता, मद्रास येथील काही श्रोते गाणे ऐकण्यासाठी जाताना ते अवजड यंत्र बरोबर नेऊ लागले. त्यांच्यापुढील पहिला पेच साध्या अंकगणिताचा होता. बाराशे फुटांची फीत सेकंदाला साडेसात इंच या गतीने फिरविली तर बत्तीस मिनिटांत संपते. गती निम्मी केली तर चौसष्ट मिनिटे पुरते, पण आवाजाची झळाळी उणावते. विलंबित ख्याल मध्येच तुटू नये म्हणून अनेकांनी झळाळीवर पाणी सोडले. ही तडजोड मला त्यांच्या रसिकतेची खरी कसोटी वाटते. स्वराच्या गोडीपेक्षा मांडणीची सलगता त्यांना मोलाची वाटली.

आकाशवाणीनेही त्यांना सामग्री पुरविली. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये व रेडिओ संगीत संमेलन १९५४ मध्ये सुरू झाले आणि घरबसल्या फीत भरता येऊ लागली. कर्नाटक संगीताच्या क्षेत्रातही हेच घडले. जी. एन. बालसुब्रमण्यम (मृत्यू १९६५) किंवा मदुरै मणि अय्यर (मृत्यू १९६८) यांचे कच्चेरीतील गाणे पुढच्या पिढ्यांना कळले त्यात अशा खाजगी फितींचा वाटा मोठा आहे. फिलिप्सने १९६३ साली आणलेली कॅसेट पुढे आपल्याकडे स्वस्त झाली, तेव्हा हा छंद मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला.

साहित्याच्या अभ्यासकाला या व्यवहारात एक ओळखीची गोष्ट दिसते. संग्राहकांतील विनिमय पोथ्यांच्या नकलांसारखाच चाले: विक्री निषिद्ध, देवाणघेवाण मान्य. आणि नकलेबरोबर दोषही उतरत. प्रत्येक प्रतीत खरखर वाढे. यंत्र किंचित जलद असेल तर काळी एकचा षड्ज पांढरी दोनवर चढे. नकलकाराने डबीवर चुकीचा राग लिहिला की तीच चूक पुढच्या दहा घरांत जाई. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी (१९१९–१९६६) पाठभेदांचा जो विवेक वापरला गेला, तो मैफलींच्या फितींना अद्याप कोणी पद्धतशीरपणे लावलेला नाही. नकलकाराची अभिरुचीही पाठ घडविते. अमेरिकेत डीन बेनेडेटी याने १९४७-४८ मध्ये चार्ली पार्करचे वादन टिपले, ते बव्हंशी पार्करच्या स्वतःच्या वादनापुरतेच. साथीदारांची पाळी आली की यंत्र बंद. आपल्या फितींत आरंभीचे आलाप अनेकदा तुटलेले असतात. उलट श्रोत्यांची दाद, खोकला, तबला मिळविण्याचे ठोके आणि बुवांची मिस्किल टिप्पणी मात्र शाबूत असते. गायकाच्या बोलण्याचा हा लेखाजोखा कोणत्याही चरित्रात सापडत नाही.

या साऱ्यात एक नैतिक अडचण आहे, ती टाळता येणार नाही. केसरबाई केरकर (१८९२–१९७७) ध्वनिमुद्रणाविषयी अत्यंत सावध होत्या, हे सर्वश्रुत आहे. ज्यांनी कष्टाने मिळविलेली विद्या कोणाला द्यावी हे स्वतः ठरविले, त्यांच्या नकळत भरलेली फीत हा एक प्रकारचा अपहारच होय. कायद्याने कलावंताला प्रयोगावरील हक्क दिला तो १९९४ च्या दुरुस्तीने. त्यापूर्वीच्या कलावंताजवळ नकाराखेरीज दुसरे साधन नव्हते. तरीही त्याच केसरबाईंची जी ‘भैरवी’ १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली, ती सुमारे साडेतीन मिनिटांची आहे. त्यांचा विस्तार ऐकू पाहणाऱ्याला मोजक्या दीर्घ मुद्रणांकडेच वळावे लागते. मी त्या ऐकणाऱ्यांच्या पक्षाचा आहे. परंतु नकार देणाऱ्या बाईंची बाजू दुबळी होती असे मला म्हणवत नाही.

संग्राहक गेल्यावर फितींचे काय होते, हा प्रश्न आता तातडीचा झाला आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजने १९८२ मध्ये स्थापन केलेल्या संगीत-संग्रहालयासारख्या ठिकाणी काही खाजगी संग्रह पोहोचले, नोंदले गेले. इतरत्र दमट कपाटांत फितीवरचा चुंबकीय लेप सुटत चालला आहे. काहींची संगणकीय प्रत निघते. ती क्षणात सर्वत्र पसरते, मात्र मूळ डबीवरचे हस्ताक्षर मागेच राहते. अमीरखाँ (१९१२–१९७४) यांच्या नावाची एखादी प्रत हाती येते, तेव्हा तिच्यावर बहुधा रागाचे नाव तेवढे असते. गाव कोणते, साल कोणते, तबल्यावर कोण होते, हे ज्याला सांगता आले असते त्याची वही रद्दीत गेलेली असते.