कॅल्शियम फॉस्फेट चूर्णे, अस्थिरोपणातील

हाडातील पोकळ्या भरण्यासाठी व धातूच्या कृत्रिम सांध्यांवर लेप देण्यासाठी वापरण्यात येणारी संश्लेषित (कृत्रिम रीतीने बनविलेली) चूर्णे. हाडातील खनिज मुख्यत्वे कॅल्शियम फॉस्फेटच असल्याने शरीर ही चूर्णे सहसा परकी मानीत नाही.

इतिहास : फ्रेड ऑल्बी व हॅरल्ड मॉरिसन यांनी १९२० मध्ये ‘ट्रिपल कॅल्शियम फॉस्फेट’ वापरल्याने हाडाची वाढ जलद होते, असे नोंदविले. परंतु हाडातील खनिजाची स्फटिकरचना ॲपेटाइटाशी जुळते, हे क्ष-किरण विवर्तनाने १९२६ मध्ये दिसून आले. म्हणजे ऑल्बी यांच्या वेळी नेमकी कोणत्या खनिजाची प्रतिकृती करावयाची, हेच निश्चित नव्हते. १९७० नंतर अमेरिकेत मायकेल जार्को, नेदर्लंड्समध्ये क्लास दे ग्रोट व जपानमध्ये हिदेकी आओकी यांनी हायड्रॉक्सिॲपेटाइट उपयोगात आणले.

निर्मिती : कॅल्शियम हायड्रॉक्साइडाच्या निवळीत नव्हे, तर पाण्यातील त्याच्या दाट मिश्रणात फॉस्फोरिक अम्ल सावकाश मिसळतात. मिळणारा साका मुरवून, धुऊन, वाळवून तापवितात. कॅल्शियम व फॉस्फरस यांच्या अणूंचे गुणोत्तर हायड्रॉक्सिॲपेटाइटात १·६७, तर ट्रायकॅल्शियम फॉस्फेटात १·५० असते. गुणोत्तर १·६७ पेक्षा कमी पडल्यास तापविताना ट्रायकॅल्शियम फॉस्फेट व जास्त झाल्यास चुना उत्पन्न होतो. चुना पाण्याच्या संपर्काने फुगतो व रोपण दुबळे करतो.

रूपांतरण : शुद्ध हायड्रॉक्सिॲपेटाइट शरीरात फार सावकाश विरघळते. नैसर्गिक खनिजात मात्र कार्बोनेट, मॅग्नेशियम व सोडियमही असतात. कार्बोनेटाने विद्राव्यता वाढते. एडिथ कार्लाइल यांना १९७० मध्ये वाढत्या हाडात सिलिकॉन आढळले. १९९९ मध्ये गिब्सन, बेस्ट व बॉनफील्ड यांनी सिलिकॉनयुक्त हायड्रॉक्सिॲपेटाइटाचे वर्णन प्रसिद्ध केले. पूर्वी अशुद्धी गणली गेलेली मूलद्रव्ये अशा प्रकारे हेतुपुरस्सर घालण्यात येऊ लागली.

परीक्षण : क्ष-किरण विवर्तनाने चूर्णातील स्फटिकांचे प्रकार, तर अवरक्त वर्णपटाने कार्बोनेट व हायड्रॉक्सिल गट ओळखतात. ताडाशी कोकुबो यांच्या पद्धतीत रक्तद्रवासारख्या आयनांच्या विद्रावात नमुना ठेवून त्यावर ॲपेटाइटाचा थर जमतो का, हे पाहतात. तथापि शरीरात हाडाशी जुळणाऱ्या ट्रायकॅल्शियम फॉस्फेटावर या विद्रावात तसा थर अनेकदा जमत नाही. यामुळे पेशींवरील व प्राण्यांवरील चाचण्या टाळता येत नाहीत आणि केवळ नावावरून चूर्णाची योग्यता ठरविता येत नाही.