बेकर गाठ

बेकर गाठ (पॉप्लिटिअल सिस्ट) ही गुडघ्याच्या मागील लवणीत तयार होणारी द्रवयुक्त गाठ आहे. ती कर्करोगाची नसते. प्रौढांमध्ये ती बहुधा सांध्याची झीज, संधिवात किंवा गुडघ्यातील गादी (मेनिस्कस) फाटणे यांची परिणती असते. त्यामुळे वैद्यकीय चित्रणाने गाठीबरोबरच तिचे मूळही शोधावे लागते.

नाव व कारणे

ही गाठ १८४० मध्ये रॉबर्ट ॲडम्स यांनी वर्णिली होती. मात्र १८७७ मध्ये तिचा सांध्याच्या विकाराशी संबंध दाखवणारे इंग्रज शल्यविशारद विल्यम मोरंट बेकर यांचे नाव तिला मिळाले. झिजलेल्या सांध्यात वंगणद्रव वाढतो व दोन स्नायूंमधील फटीतून मागील पिशवीत उतरतो. ही वाट झडपेप्रमाणे वागत असल्याने द्रव सहसा परतत नाही.

चित्रण

क्ष-किरण : उभ्या स्थितीत काढलेल्या चित्रात हाडांमधील कमी झालेले अंतर व हाडांची वाढ दिसते. १९५७ मध्ये मांडलेल्या केलग्रेन-लॉरेन्स पद्धतीत झिजेच्या ० ते ४ अशा श्रेणी आहेत. कूर्चा व गादी या चित्रात प्रत्यक्ष दिसत नाहीत.

सोनोग्राफी : स्वस्त व किरणोत्सर्गरहित असल्याने गाठीसाठी प्रथम वापरली जाते. गाठीची सांध्याकडे जाणारी मान दिसल्यास निदान पक्के होते. भारतात गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार (१९९४) सोनोग्राफी केंद्रांची नोंदणी बंधनकारक आहे.

एमआरआय : कूर्चा, गादी, अस्थिबंध व हाडाच्या आतील सूज एकत्रित दाखवते. शस्त्रक्रियेचा विचार असल्यास ती विशेष उपयुक्त ठरते.

निदानातील धोके

गाठ फुटल्यास द्रव पोटरीत उतरून सूज व वेदना होतात. ही लक्षणे खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्यासारखीच असतात. गुठळी दुर्लक्षित राहिल्यास ती फुप्फुसात जाऊन प्राणघातक ठरू शकते; उलट फुटलेल्या गाठीवर रक्त पातळ करणारी औषधे दिल्यास पोटरीत रक्तस्राव होऊ शकतो. डॉप्लर सोनोग्राफीने हा भेद करता येतो. लवणीतील रोहिणीचा फुगवटाही गाठीसारखा भासतो; म्हणून चित्रणाआधी सुई घालणे धोक्याचे असते.

पुणे जिल्ह्यातील संदर्भ

इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये कॉपकॉर्ड या आंतरराष्ट्रीय उपक्रमांतर्गत घरोघरी सांधेविकारांची पाहणी सुरू झाली. तीत ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना (१८.२ टक्के) सांधे-स्नायूंच्या तक्रारी आढळल्या. वारंवार उकिडवे बसणे, गुडघे टेकणे व जड ओझे उचलणे यांनी गुडघ्याच्या झिजेचा धोका वाढतो. पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील जुळणी, ओतकाम व मालवाहतूक या कामांत अशा हालचाली नित्याच्या असल्याने तेथे वेळीच निदान महत्त्वाचे आहे.

उपचार

त्रास नसल्यास गाठीवर उपचार आवश्यक नसतात. सुईने द्रव काढल्यास तात्पुरता आराम मिळतो. परंतु सांध्यातील मूळ विकार कायम राहिल्यास गाठ पुन्हा भरण्याची शक्यता असते.