आजोबांचा वस्तरा आणि आत्याआजीचा अंबाडा

निवृत्त झाल्यावर कुणी बाग करतं, कुणी नर्मदा परिक्रमेला जातं. माझ्या डोक्यात वस्तऱ्याने दाढी करायचं खूळ शिरलं. चाळीस वर्षं सेफ्टी रेझर फिरवला, आता सकाळी वेळच वेळ. पहिला वस्तरा घरबसल्या मागवला. पात्यावर सोनेरी नक्षी, मुठीवर मोर, वर मखमली अस्तराची लाकडी पेटी. नवरदेवाला आहेरात द्यावा असा देखणा. पहिल्याच दिवशी गालावर दोन जागी रक्त, आणि केस जागच्या जागी! पोलाद इतकं मऊ की दगडावर कितीही घासा, धार टिकेना. पातं काचेवर ठेवलं तर खाटेसारखं डुगडुगायचं. पैसे नक्षीचे घेतले होते, धारेचे नाही.

माझा गाल पाहून आई म्हणाली, "तुझ्या आजोबांचा उस्तरा आहे की माळ्यावरच्या पेटीत. तो काढ. आणि तो घरात कसा आला ते ठाऊक आहे का तुला?"

ठाऊक नव्हतं. आई पंच्याऐंशीची आहे. तिने ही हकीकत खुद्द आत्याआजीच्या तोंडून, पापड लाटता लाटता ऐकलेली. ती इथे लिहून ठेवतोय, कारण आमच्या पिढीनंतर ती कुणाला माहीत असणार नाही.

आमचं घर इंदूरचं, राजवाड्यामागच्या एका गल्लीतलं. पणजोबा होळकर सरकारच्या कचेरीत होते, आजोबाही तिथेच कारकून लागले. घरी न्हावी यायचा, तोही मराठीच. त्याचे पूर्वज आमच्यासारखेच देशावरून माळव्यात आलेले. दर चार दिवसांनी तो सकाळी ओट्यावर धोकटी उघडून बसायचा आणि घरातले पुरुष एकामागून एक त्याच्यासमोर. वर्षाचं धान्य आणि सणाला कापड, असा व्यवहार. आणि अशा घरांत न्हाव्याकडे आणखी एक काम असायचं, ज्याचा उल्लेख कुणी मोठ्याने करत नसे. घरातल्या विधवांचं केशवपन.

१९३२ च्या सुमारास आजोबांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्याआजी, एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली. सासर देवासचं. नवरा विषमज्वराने गेला. आजोबा देवासला गेले आणि दहावा दिवस उजाडायच्या आत, तिला ताप आहे असं सांगून इंदूरला घेऊन आले. ताप वगैरे काही नव्हता. पणजोबांनी मुलीला पाहिलं, डोळे पुसले आणि म्हणाले, "तिथलं राहिलं ते इथे उरकून घेऊ." ते दुष्ट नव्हते. लोक काय म्हणतील या एका वाक्याखाली वाकलेले होते, जसे आपल्या बहुतेकांचे पणजोबा होते.

न्हाव्याला निरोप गेला. तो आला, धोकटी उघडली, वस्तरा काढला, अंगठ्यावर फिरवून पाहिला आणि म्हणाला, "अण्णासाहेब, आज धार नाही. दगडावर द्यायला पाहिजे." पुरुषांचीही दाढी न करता निघून गेला. चार दिवसांनी परत तेच. "धार बसून नाही राहिली." तिसऱ्या खेपेला पणजोबांना कळलं. ते चिडून म्हणाले, गावात दुसरे न्हावी आहेत.

मंडळी, या गोष्टीच्या चाळीसेक वर्षं आधी, १८९० मध्ये, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी बांधव जमले होते आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असं त्यांनी ठरवलं होतं. सत्यशोधकांच्या इतिहासात त्याची नोंद आहे. आमच्या न्हाव्याच्या मागे सभा नव्हती की पुढारी नव्हता. एकटा माणूस, आणि पोट आमच्यासारख्या घरांवर चालणारं. त्याने नाही म्हटलं नाही. धार नाही म्हटलं.

त्या संध्याकाळी आजोबा त्याच्या घरी गेले. आमच्या घरातला पुरुष त्याच्या उंबऱ्याशी जाण्याची ही पहिलीच वेळ. दोघांनी मिळून तोड काढली. न्हावी घरात येणंच बंद करायचं. कारण सांगायचं की बाहेरचा वस्तरा दहा घरी फिरतो, त्यातून नायटा पसरतो. (हे कारण खोटंही नव्हतं, दाढीचा नायटा असा पसरतोच.) घरातल्या सगळ्या पुरुषांची दाढी आजोबा करतील. एकदा न्हाव्याला दार बंद झालं की दुसरा न्हावी आणायचा तरी कोणत्या तोंडाने? पण यासाठी आजोबांना वस्तरा हवा होता, चालवता यायला हवा होता, आणि हाताशी फार दिवस नव्हते.

सेफ्टी रेझर का नाही, असं मी आईला विचारलं. तेव्हा तो निघून तीस वर्षं होत आली होती. अमेरिकेत जिलेटने १९०३ मध्ये विकायला सुरुवात केली, त्या पहिल्या वर्षात ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढे महायुद्धात सैनिकांना तो वाटला गेला आणि जगभर झाला. पण पणजोबांनी एका मित्राकडे तो पाहिला होता. "ती खोवणी माझ्या गालाला लावायची नाही," असं त्यांनी सांगून टाकलं होतं. शिवाय पाती फेकायची आणि पुन्हा विकत घ्यायची, हे कारकुनाला परवडणारं नव्हतं.

तर पहिला वस्तरा कसा निवडायचा, हे ज्याचं काम जाणार होतं त्याच न्हाव्याने आजोबांना शिकवलं. रुंदी करंगळीएवढी घ्या, म्हणजे साहेबी मापात इंचाचे पाच अष्टमांश. त्याहून अरुंद पातं नवख्याच्या हातात फार पटकन फिरतं, फार रुंद नाकाखाली अडतं. नाक गोल घ्या, टोकदार नको. टोकदार नाक कल्ले कोरायला बरं, पण शिकाऊ माणूस कानाची पाळी कापून घेतो. पातं काचेवर आडवं ठेवा, हलता कामा नये. धारेजवळ गंजाचा ठिपका असेल तर फुकट दिला तरी घेऊ नका, पाठीवर असला तर चालेल. आणि शेवटी पात्याला नखाने टिचकी मारून कानाशी धरा. दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं चांगलं पातं बारीक वाजतं. "बोलला तर घ्या, मुका असला तर ठेवून द्या," हे त्याचे शब्द आत्याआजी त्याच्या आवाजात म्हणून दाखवायची.

आजोबांनी महूच्या छावणीत जाऊन वस्तरा आणला. गोऱ्या साहेबांसाठी तिथल्या दुकानांत असा माल मिळायचा. तोपर्यंत इंग्लंडच्या शेफिल्डचं नाव मोठं होतं. अठराव्या शतकात बेंजामिन हंट्समनने तिथे मुशीत वितळवलेलं पोलाद काढलं आणि वस्तरे सुधारले. पण आपल्याकडच्या लोकांनी एक लक्षात ठेवावं. लंडनचा वस्तरे आणि शस्त्रक्रियेची हत्यारं करणारा जेम्स स्टोडार्ट हिंदुस्थानातलं वूट्झ पोलाद वापरायचा, ते युरोपच्या उत्तम पोलादापेक्षा सरस आहे अशी जाहिरात करायचा, आणि त्याच्याबरोबर १८२० च्या आसपास मायकेल फॅरडेने या पोलादावर प्रयोग केले. हो, विजेवाला फॅरडे. हैदराबादच्या मंडळींना कोनासमुद्रम माहीत असेल, तिकडच्या मुशींतून असं पोलाद निघायचं.

आजोबांनी आणलेला मात्र जर्मनीच्या सोलिंगेनचा. खोलगट घासणीत जर्मन कारागिरांचा हात फार साफ होता. त्याच सुमारास आपले यशवंतराव महाराज माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसिउस या जर्मन वास्तुकाराकडून बांधून घेत होते. महाराजांनी जर्मनीहून राजवाडा आणला, आमच्या आजोबांनी वस्तरा.

पुढचे आठ दिवस आजोबा पहाटे न्हाव्याच्या घरी जाऊन शिकले. सराव कुणावर? न्हाव्यावर. आधी फक्त गाल. गळा आणि हनुवटी नंतर. चामड्याच्या पट्ट्यावर फिरवताना पाठ पुढे, धार मागे, आणि उलटवताना पाठीवरून उलटवायचा, नाहीतर पट्टाही कापतो आणि धारही जाते. मग एका सकाळी घरी येऊन त्यांनी पणजोबांसमोर पाट मांडला आणि गरम पाण्याची वाटी ठेवली. पणजोबा बसले. सबंध दाढी होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. आई हसत म्हणते, गळ्यावर वस्तरा असताना कोण वाद घालणार! उठताना त्यांनी गालावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाले, "कानाजवळ राहिलंय." आत्याआजी दाराआड उभी होती. तिचा विषय त्या दिवशी निघाला नाही, नंतरही निघाला नाही. पणजोबा जाईपर्यंत त्यांची दाढी आजोबांनीच केली.

मला आत्याआजी चांगली आठवते. मी दहावीत असताना ती गेली. तिचा पांढराशुभ्र अंबाडा, त्यात खोवलेली पोलादी आकडी. गल्लीतल्या तिच्या वयाच्या दोन आज्या आलवणात, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेल्या असायच्या. लहानपणी आम्हाला वाटायचं, त्यांना थंडी फार वाजते.

आमच्या घरात ही गोष्ट आजोबांच्या धैर्याची म्हणून सांगतात. ते होतंच. पण पहिल्यांदा धोकटी मिटवली ती न्हाव्याने, आणि त्याची किंमतही त्यानेच मोजली. आम्ही त्याचं वर्षाचं धान्य चालू ठेवलं, तो जाईपर्यंत. पण गल्लीतल्या आणखी तीन घरांनी त्याला बंद केलं. आजोबा पुढे त्याला अहोजाहो करायला लागले, एवढंही आईला आठवतं. त्याचं नाव मात्र तिला आठवत नाही. आत्याआजी त्याला "आमचे न्हावीबुवा" म्हणायची.

वस्तरा मी पेटीतून काढला. काळ्या शिंगाच्या मुठीला कसर लागलेली, पाठीवर गंजाचे डाग, धार बोथट पण एकही खाच नाही. काचेवर ठेवला, हलला नाही. टिचकी मारली, वाजला. मग हजार नंबरचा दगड, चार हजारचा, आठ हजारचा, असे तीन आठवडे गेले. पहिले दोन दगड मी वाया घालवले असं म्हटलं तरी चालेल, कारण मी दाबून घासत होतो. या कामात वजन द्यायचंच नसतं, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या ठेवून नुसता हात न्यायचा. आता गाल नीट होतात. गळ्याला मी अजून सेफ्टी रेझरच लावतो, लाज कसली. झाल्यावर पुसून कोरडा करायचा, खिळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, तेलाचं बोट लावायचं. कुणाला सुरुवात करायची असेल तर नवा नक्षीचा घेण्याआधी घरातले माळे धुंडाळा. धारेला खाच आणि गंज नसेल तर जुनं सोलिंगेन किंवा शेफिल्डचं पातं दगडावर जिवंत होतं.

आणि एक विनंती. न्हावीबुवांच्या मुलाने नंतर तोपखान्याच्या बाजूला खुर्चीचं दुकान टाकलं होतं, आरशावर लक्ष्मीचं चित्र होतं, असं आई सांगते. जुन्या इंदूरकरांपैकी कुणाचे आजोबा-पणजोबा तिथे जात असतील, किंवा त्या घरातलं कुणी हे वाचत असेल, तर मला कळवा. आईला ते नाव विचारायचं आहे.