काळी, पांढरी आणि हिरवी

जुन्या महसुली भाषेत गावाचे दोन भाग असत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. आज लिहायचं आहे ते अंगणात अंथरायच्या प्लॅस्टिकच्या हिरवळीबद्दल. (घरातल्या तरुण मंडळींनी विषय काढलाय, नव्या प्लॉटच्या आवारात टाकायची म्हणतात.) पण सुरुवात या दोन शब्दांपासूनच करायला हवी.

आमचं वडनेर भोलजी नांदुरा तालुक्यातलं, पूर्णेच्या खोऱ्यातलं. इथली काळी माती म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकाची झीज. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. म्हणून आषाढात चपलेला किलोभर चिखल, आणि एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा. कपाशीला मात्र हीच माती मानवते. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि इकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, तीही या कापसाच्या ओढीनं.

पण ज्या मातीनं पैसा दिला तिच्यावर घर बांधायला कुणी राजी नव्हतं. फुगणाऱ्या-आकसणाऱ्या जमिनीवर भिंतीला तडे जातात हे जुन्या लोकांना पक्कं ठाऊक. वस्ती पांढरीवरच. ही पांढरी तरी कशी झाली? शतकानुशतकं माणसं एकाच जागी राहिली, चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती थरावर थर साचत गेली. म्हणून तर जुनी वस्ती शोधणारे संशोधक अशी पांढरीची टेकाडं आधी बघतात. आपल्याच जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यातल्या भोनला, पूर्णेच्या काठी डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी उत्खनन केलं आणि दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. असो, विषय अंगणाचा आहे.

अंगणही उघड्या काळ्या मातीवर कधी नव्हतं. आधी मुरूम पसरायचा, पाणी मारायचं, धुम्मसानं चोपायचं, वर पांढरी माती आणि शेणाचं सारवण. उतार दारापासून गल्लीकडे. पावसाळ्यात सगळं धुपायचं, की दिवाळीआधी पुन्हा तेच. रोजचा सडा वेगळाच. हे सगळं बायकांचं काम. त्या श्रमांचा हिशोब कुठल्याच कागदात नाही. म्हणूनच जुन्या अंगणाच्या आठवणी काढून गहिवरणाऱ्या पुरुषांचं (माझ्यासकट) मला फारसं कौतुक वाटत नाही. फरशी आली, सिमेंट आलं, तेव्हा घरातल्या बायकांनी सुटकेचा श्वास टाकला.

मग गावठाण पुरेनासं झालं. शेतं अकृषिक होऊन त्यांचे प्लॉट पडू लागले आणि घरं थेट काळीत उतरली. आवारातली फरशी एका पावसाळ्यात वर उचलली जाते, सिमेंटला भेगा पडतात, त्याचं कारण हे. खरं दुखणं मातीच्या थराचं आहे, वर काय अंथरलं त्याचं नाही.

आता ही हिरवळ. तिचा जन्म अमेरिकेतला. १९६४ साली प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका शाळेच्या मैदानावर ती अंथरली. १९६५ ला ह्यूस्टनचं छप्परबंद अ‍ॅस्ट्रोडोम उघडलं. छताच्या काचांतून येणाऱ्या उजेडानं खेळाडूंचे डोळे दिपायचे, म्हणून काचा रंगवल्या, आणि खालचं खरं गवत उन्हावाचून मेलं! १९६६ ला तिथे ही नकली हिरवळ आली आणि 'अ‍ॅस्ट्रोटर्फ' हे नाव रूढ झालं. आपल्याला ते नाव कळलं ते हॉकीमुळे. १९७५ साली क्वालालंपूरला गवतावर विश्वचषक जिंकणारा भारत १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये टर्फवर सातवा आला.

आपल्या भागात लोकांना ती हवीशी वाटते यात नवल नाही. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाण पट्ट्यात बोअरच्या खाऱ्या पाण्यावर लॉन जगवणार कशी? पण काळ्या मातीवर नुसती गुंडाळी उलगडून चालत नाही. वीतभर माती काढायची. तळाशी जिओटेक्स्टाइलचं कापड, म्हणजे वरची गिट्टी चिखलात रुतत नाही. मग गिट्टी, वर चुरी, प्रत्येक थराला दबाई. शंभर फुटाला एक-दोन फूट उतार, पाणी भिंतीपासून दूर. मग हिरवळ, कडा पक्क्या, पात्यांमध्ये वाळू. वाचताना ओळखीचं वाटलं ना? मुरूम, चोपणी, उतार... कापड आणि प्लॅस्टिक सोडलं तर आजीची कृती हीच. काम घेणारा खणायचं नावच काढत नसेल, तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

मला काळजी आहे ती उन्हाची. अमेरिकेत ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ साली टर्फचं तापमान मोजलं. हवा ९८ अंश फॅरनहाइट असताना टर्फ २०० पर्यंत गेलं, म्हणजे आपल्या ३७ ला जवळजवळ ९३! आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. नातवंडं अनवाणी धावतात. तेव्हा घरच्यांना मी एवढंच सांगितलं आहे की टाकायची तर पूर्वेच्या अंगाला टाका, दुपारनंतर जिथे घराची सावली पडते तिथे. आणि कडुनिंबाभोवतीची चार हात जमीन उघडी ठेवा, पावसाचं पाणी तिथे जिरू द्या.