बाटलीतलं औषध आणि जुनं इंजिन

जुनी गाडी बाळगणारा आणि जुनं दुखणं बाळगणारा, या दोघांनाही भेटेल तो औषध सुचवत असतो. गाडी धूर मारू लागली, ऑइल खाऊ लागली, टॅपेटचा आवाज वाढला, की गॅरेजवाला फळीवरची एक छोटी बाटली काढतो. ‘ऑइलमध्ये ओता, इंजिन आतून साफ होईल.’ इंजिनाचं काम काढायचं म्हणजे हजारोंचा खर्च. त्यापुढे बाटली अगदीच स्वस्त. या बाटलीला शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो कळला, तर ती कधी घ्यावी आणि कधी परत फळीवर ठेवावी, हेही कळतं. म्हणून आज मी तो सांगायला घेतला आहे.

सुरुवातीच्या मोटारींत बहुधा साधं खनिज तेल घालत. त्यात औषधाचा थेंबही नसे. लंडनच्या चार्ल्स वेकफिल्ड यांच्या कंपनीनं तेलात एरंडेल मिसळून पाहिलं, आणि ‘कॅस्टर’वरून १९०९ मध्ये कॅस्ट्रॉल हे नाव आलं. आपल्याकडे पोट साफ करणारं हे एरंडेल इंजिनात मात्र उलटं वागे. वंगण म्हणून उत्तम, पण तापलं की त्याचा डिंकासारखा थर बसे. पेट्रोलही तेव्हा फारसं शुद्ध नसे, कार्ब्युरेटरची बारीक छिद्रं बुजत. त्यावर उपाय म्हणून १९२३ मध्ये अमेरिकेत बर्ट पियर्स यांनी ‘मार्व्हल मिस्ट्री ऑइल’ काढलं. त्या काळात अशा बाटलीला खरोखरच काम होतं, हे लक्षात ठेवायला हवं.

पुढची पायरी डिझेलनं गाठायला लावली. कॅटरपिलर कंपनीनं १९३१ मध्ये डिझेल ट्रॅक्टर आणला, आणि साध्या तेलात त्याच्या पिस्टनच्या रिंगा काजळीनं चिकटून बसू लागल्या. तेव्हा कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या साहाय्यानं १९३०च्या दशकाच्या मध्यात तेलातच मळ सोडवणारं द्रव्य घालण्यात आलं. साबण कपड्याचा मळ सोडवून पाण्यात आणतो, साधारण तसंच. पुढे मळ गाळ होऊन खाली न बसता तेलात तरंगत राहावा, अशीही द्रव्यं आली. ऑइल लवकर काळं पडलं की ते वाईट, असं आपल्याला वाटतं. खरं तर बऱ्याचदा ते आपलं काम करत असतं.

त्यानंतर १९४०च्या दशकात जस्त आणि फॉस्फरस यांचं एक संयुग तेलात आलं. आधी ते बेअरिंगांना गंजापासून वाचवण्यासाठी होतं. ते धातूची झीजही रोखतं, हे मागाहून उमगलं. १९४७ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनं तेलांची प्रतवारी ठरवली, आणि हळूहळू ही सारी औषधं चांगल्या तेलाच्या डब्यातच मिळू लागली.

मग वेगळ्या बाटलीचं प्रयोजन काय उरलं? गंमत अशी, की तिचा खरा सुवर्णकाळ इथूनच सुरू झाला. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या सेंट जोसेफ गावी १९५४ मध्ये ‘एसटीपी’ सुरू झाली. १९६३ मध्ये अँडी ग्रानाटेली तिचे प्रमुख झाले आणि त्यांनी ते नाव मोटारींच्या शर्यतींत नेलं. १९६९ ची इंडियानापोलिसची शर्यत त्यांच्याच गाडीनं जिंकली. बाटलीत मुख्यतः तेल दाट करणारं द्रव्य होतं. झिजलेल्या इंजिनात दाट तेल पडलं, की सांध्यांतली फट भरते. आवाज दबतो, धूर कमी होतो, ऑइलचा दाब वाढलेला दिसतो. मालकाला वाटतं, गुण आला. पण फट तिथंच असते आणि झीज चालूच राहते. ताप उतरला म्हणजे रोग गेला, असं समजण्यासारखंच हे.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं या जाहिरातींची दखल घेतली. १९७८ मध्ये एसटीपीला ५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं, आणि तशी सूचना स्वखर्चानं छापावी लागली. १९९७ मध्ये ‘स्लिक ५०’ या गाजलेल्या बाटलीची पाळी आली. तिच्याशिवाय इंजिन सुरू होताना त्याला जवळजवळ संरक्षणच नसतं, हा दावा आयोगानं खोटा ठरवला होता. साधं इंजिन ऑइल ते काम करतंच, असं आयोगाचं म्हणणं. तडजोडीत ग्राहकांसाठी किमान १ कोटी डॉलरची भरपाई ठरली.

म्हणजे जुन्या गाडीला वेगळं काहीच लागत नाही का? लागतं, पण ते निराळं. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस बाधतो. म्हणून २००४ च्या मानकांत पातळ तेलांतल्या फॉस्फरसची मर्यादा ०.१० टक्क्यांवरून ०.०८ टक्क्यांवर आणली गेली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या गाड्यांत कॅमशाफ्ट आणि टॅपेट एकमेकांवर घासतात. त्यांना हेच संयुग हवं असतं. पण २०डब्ल्यू-५० सारख्या दाट तेलांना ती मर्यादा लागू नाही. मग त्याचं उत्तर योग्य प्रतीचं तेल निवडणं, हेच.

सफाईच्या बाटलीबाबत मात्र सावध राहावं. वर्षानुवर्षं साचलेला गाळ एकदम सुटला, तर तो ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. ऑइल वर चढत नाही, आणि बेअरिंगं जातात. धडधाकट दिसणारं इंजिन साफसफाईनंतर बसतं, ते बहुधा यामुळे. त्यापेक्षा चांगलं ऑइल घालावं, ते नेहमीपेक्षा लवकर बदलावं, फिल्टरही बदलावा. गाळ थोडा थोडा करून निघतो.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये निवृत्त झाली. तरीही हौसेनं किंवा गरजेनं जुनी गाडी सांभाळणारे पुष्कळ आहेत. त्यांना माझं एवढंच सांगणं: बाटली उघडण्याआधी मिस्त्रीकडून सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. रिंगा झिजल्या असतील, तर बाटलीचे पैसे इंजिनाच्या कामासाठी राखून ठेवा. झिजलेलं लोखंड कुठलंही तेल भरून आणत नाही.