कासारमामांची पेटी

मागच्या वेळी आपण जात्याबद्दल बोललो. आज बोलायचं कासाराबद्दल.

कासार म्हणजे मूळचा काशाचं काम करणारा. पुढं काहींनी भांड्यांचा धंदा धरला, काहींनी बांगड्यांचा. कुठं बांगड्या भरायला कासार यायचा, कुठं मणेर. आजी-पणजीच्या काळात लाखेचे चुडेही होते आणि काचेच्या बांगड्याही. त्यातल्या कितीतरी उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादच्या भट्ट्यांमधून येतात.

पूर्वी परका पुरुष बाईचा हात धरील, अशी सोय एकट्या बांगडीवाल्यालाच होती. आमचे मामा अंगठा आत दाबून, बोटांची मोळी करून अशी बांगडी चढवायचे की कळायचंसुद्धा नाही. माप विचारावं लागत नसे. दोन-चार की दोन-सहा, हात बघूनच सांगत. हात बघून आणखीही बरंच कळायचं त्यांना. कोण वाळली, कुणाच्या मनगटावर वळ आहे. तोंडानं काही बोलत नसत. पण त्यांची फेरी आमच्या माहेरच्या गावांवरून जायची, आणि पुढच्या आठवड्यात बरोबर कुणाचा तरी भाऊ दारात उभा राहायचा. भरून झालं की आम्ही मामांच्या पाया पडायचो, मग ते एक बांगडी जास्तीची चढवायचे.

1972 च्या दुष्काळात आम्ही बाया खडी फोडायला गेलो. दगडापुढं काच कशी टिकणार? आणि रिकाम्या हातानं घरी आलं की सासवांचं बोलणं. मामा कामावरच पेटी घेऊन यायचे. पैसे सुगीला. त्यातले सगळे त्यांना मिळाले असतील असं आम्हाला वाटत नाही.

पण मामा आठवतात ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. आमच्यातली एक जाऊ बाविसाव्या वर्षी विधवा झाली. बांगड्या फोडल्या त्या घरच्या बायांनीच, हेही सांगितलं पाहिजे. मामा आले की ती मागच्या दारी जाऊन बसायची. एका श्रावणात मामांनी तिला हाक मारली, तिच्या हातचं पाणी मागितलं आणि तिचा हात पुढं घ्यायला लावला. सासू उठलीच.

मामा म्हणाले, "आत्याबाई, हिरव्या न्हाईत, जांभळ्या हाईत. जांभळ्याला कुठं बंदी हाय?"

सासूला उत्तर सुचलं नाही. दोन बांगड्या चढल्या. नंतर तीन-चार घरांनी मामांना ओसरीवर बोलावणं बंद केलं. पोटावर पाय आला, तरी मामांनी वाट बदलली नाही.

आपल्या धंद्यातूनच बाईच्या बाजूला उभे राहिलेले असे लोक आधीही होते. 1856 मध्ये विधवेच्या लग्नाला कायद्यानं मान्यता मिळाली, पण घराघरांतलं केशवपन थांबलं नव्हतं. तेव्हा 1890 च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईत न्हाव्यांनी विधवांचे केस कापायला नकार दिला. वस्तरा त्यांचा, रोजी त्यांची, आणि तेच नाही म्हणाले! शाळेच्या पुस्तकात हे असायला हवं होतं, असं आम्हाला वाटतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला: नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आमच्या गटानंही अर्ज दिला. एकजण म्हणाला, हा घरचा मामला आहे. ग्रामसभेत तेव्हा आम्ही सतराजणी बसलो होतो, त्यातल्या सहाजणी विधवा.

ठराव झाला. पण मयताच्या दिवशी म्हाताऱ्या बाया अजून दगड शोधतात. म्हणून आता तशा घरी आमच्यातल्या दोघी आधीच जाऊन त्या बाईच्या दोन्ही बाजूंना बसतात, तिचे हात हातात धरून. सकाळपासून, माणसं परत फिरेपर्यंत.