होल सॉ घेताय? स्वस्त सेटमधले दोष ओळखा, मनगट सांभाळा

दाराला गोल लॉक बसवायचं असो की टेबलातून चार्जरची वायर काढायची असो, लाकडात मोठं गोल छिद्र लागतं. ते पाडतो होल सॉ, म्हणजे ड्रिल मशीनला लावायची, कडेला दात असलेली स्टीलची वाटी. आमच्या जळगाव जामोदमध्ये बसूनही तो मोबाईलवरून मागवता येतो. पण फोटोत सगळेच सेट सारखे चमकतात, म्हणून मी आधी पुढच्या गोष्टी बघतो.

खरा धोका कोणता?
वाटी लाकडात अडकली तरी मोटर जोर लावतच राहते. मग मशीनच उलटं फिरतं आणि मनगट पिरगळतं. वाटी मोठी, तर झटकाही मोठा. खराब वाटी जास्त अडकते, म्हणून इथे क्वालिटी म्हणजेच सेफ्टी.

स्वस्त सेटमध्ये काय बिघडतं?
- साधं कार्बन स्टील तापलं की नरम पडतं आणि दात बोथट होतात. मग लाकूड कापण्याऐवजी जळतं.
- एकाच प्लेटवर सगळ्या वाट्या बसत असतील तर पकड ढिली राहू शकते. वाटी डुगडुगते.
- मधला बिट धरणारा छोटा स्क्रू सैल होतो आणि वाटी सरकते.

नेहमीच्या कामाला 'बाय-मेटल' घ्या. त्यात लवचिक स्टीलवर हायस्पीड स्टीलचे दात वेल्ड केलेले असतात.

पार्सल आल्यावर
अनबॉक्सिंगचा व्हिडिओ काढा. वाटी मशीनला लावून हवेतच हळू फिरवा. डुगडुगली तर रिटर्न करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. दाद मिळाली नाही, तर १९१५ वर कॉल करा.

वापरताना
१. लाकूड क्लॅम्पने घट्ट बांधा, हाताने धरू नका.
२. मशीनचा साइड हँडल लावा. ट्रिगर लॉक करू नका.
३. स्पीड कमी ठेवा. तेवढ्याच आरपीएमला १०० मिमी वाटीचे दात २५ मिमीच्या चौपट वेगाने धावतात.
४. मधूनमधून बाहेर काढून भुसा झाडा.
५. बिटचं टोक मागून दिसलं की थांबा आणि उरलेलं दुसऱ्या बाजूने कापा. कड फाटत नाही.
६. चष्मा घाला, सैल बाह्या आणि हातमोजे नकोत.

कपाटाच्या ३५ मिमी बिजागरीला चालेल का?
नाही. तिथे आरपार छिद्र नको, खळगा हवा. त्यासाठी फोर्स्टनर बिट घ्या.